तीन दुकाने, तीन लॉयल्टी कंपन्या आणि निवडीआधीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये कॉलेज रोड, नाशिक रोड आणि पंचवटी अशा तीन ठिकाणी फरसाण-मिठाईची दुकाने चालवणाऱ्या एका गृहस्थांकडे महिन्याभरात लॉयल्टी योजना, म्हणजे नेहमीच्या ग्राहकाला खरेदीवर पॉइंट देण्याची योजना, विकणाऱ्या तीन कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन गेले. पहिली त्यांना बिलिंगचे सॉफ्टवेअर पुरवणारीच कंपनी असून तिने त्यातच पॉइंटची सोय जोडून देण्याची तयारी दाखवली आहे. दुसरी केवळ लॉयल्टीचे काम करते. ग्राहकाचा मोबाइल क्रमांक घ्यायचा, पॉइंट द्यायचे आणि व्हॉट्सॲपवर ऑफर पाठवायच्या, असे तिचे स्वरूप आहे. तिसरी नवी कंपनी शहरातील अनेक दुकानांचे एकच सामायिक ॲप काढते आहे, आणि ती पहिले सहा महिने एक पैसाही घेणार नाही. यांपैकी कोणती घ्यावी, की कोणतीच घेऊ नये, असे त्यांनी विचारले आहे.

मी सतरा वर्षे याच कामात आहे. आधी कपड्यांच्या एका साखळीत सभासद योजना सांभाळत होतो आणि आता पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या दुकानदारांना अशा योजना बसवून देतो. त्या अनुभवावरून सांगतो की कंपनी कोणती, हा प्रश्न आपल्यापुढे तिसऱ्या क्रमांकाला यायला हवा. त्याआधी दोन प्रश्न आहेत. नेहमीच्या ग्राहकाला काही परत देण्याइतका नफा आपल्या मालात उरतो का? आणि दोन-तीन वर्षांनी ही कंपनी बंद पडली किंवा विकली गेली, तर आपल्या हातात काय राहील? यांतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक दुकानदार लक्ष देत नाहीत, म्हणून आधी त्याच्याविषयी लिहितो.

हा धंदा आपल्याकडे नवा वाटला तरी अमेरिकेत त्याची एक पूर्ण फेरी होऊन गेलेली आहे. कॉफीच्या दुकानातले शिक्के मारायचे कागदी कार्ड फोनमध्ये आणायचे, एवढ्या एका कल्पनेवर तिथे २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत डझनावारी कंपन्या निघाल्या. त्यांतली पंच्ड ही कंपनी गूगलने २०११ मध्ये विकत घेतली आणि पुढे दोन वर्षांत बंदही केली. शिकागोच्या बेलीने दुकानादुकानांच्या काउंटरवर आयपॅड ठेवले आणि २०१२ मध्ये अँड्रीसन होरोवित्झसारख्या नामांकित गुंतवणूकदारांकडून एक कोटी डॉलर उभे केले. २०१८ मध्ये तीही दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. पर्काला २०१३ मध्ये फर्स्ट डेटाने घेतले, लेव्हलअपला २०१८ मध्ये ग्रबहबने ३९ कोटी डॉलरना घेतले, फाइव्हस्टार्सला २०२१ मध्ये समअपने सुमारे ३२ कोटी डॉलरना घेतले आणि पंच्ह त्याच वर्षी पार टेक्नॉलॉजीकडे गेली. ही नावे पाठ करण्याची गरज नाही, पण विकत घेणारे कोण होते हे मात्र पाहावे. फर्स्ट डेटा आणि समअप कार्डाचे पैसे वळते करणाऱ्या कंपन्या, ग्रबहब घरपोच जेवणाच्या ऑर्डरी घेणारी, पार उपाहारगृहांचे बिलिंग पुरवणारी. म्हणजे ज्याच्या हातात बिल किंवा पैसे आहेत, त्याच्याकडे पॉइंटचे काम शेवटी जाते. ते साहजिकही आहे, कारण कोणी काय घेतले हे बिलातच लिहिलेले असते आणि ते दुसऱ्या यंत्रावर पुन्हा टिपत बसणे ही काउंटरवरच्या माणसाला शिक्षा असते.

आपल्याकडेही वारे त्याच दिशेचे आहे. जानेवारी २०२० पासून थेट बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, त्यामुळे क्यूआर चिकटवून जाणाऱ्या कंपन्यांना नुसत्या पैशांच्या देवाणघेवाणीत काही सुटत नाही आणि त्या साउंडबॉक्सचे भाडे, कर्ज, विमा, लॉयल्टी असे काही ना काही विकू पाहतात. भारतपे या क्यूआरवाल्या कंपनीने २०२१ मध्ये पेबॅक इंडिया ही पॉइंटची योजना चालवणारी कंपनी विकत घेतली, ती याच हिशेबाने घेतली असावी असे मला वाटते. बाकी लहान कंपन्यांची आपल्याला सवलत देण्याची घाईही समजून घ्या. गुंतवणूकदारापुढे बसताना त्यांना 'इतक्या शहरांत इतकी दुकाने' असा आकडा दाखवायचा असतो, आणि आपली तीन दुकाने ही त्या आकड्यातली तीन असतात. सहा महिने फुकट मिळणारी योजना सातव्या महिन्यात काय भावाने मिळेल, हे करारात लिहून मागितल्यावर प्रतिनिधीचा चेहरा कसा होतो ते एकदा पाहाच.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. समजा, आपला ढोबळ नफा शंभर रुपयांमागे तीस रुपये आहे. (मिठाईत तो निराळा, फरसाणात निराळा आणि विकत आणून ठेवलेल्या बिस्किट-नमकीनमध्ये फारच निराळा असतो, खरा आकडा आपल्यालाच माहीत.) प्रतिनिधी सांगतो की ग्राहकाला पाच टक्के पॉइंट द्या, एक पॉइंट म्हणजे एक रुपया. ऐकायला पाच टक्के किरकोळ वाटतात, पण ते विक्रीचे पाच टक्के आहेत, म्हणजे आपल्या नफ्याचा सहावा हिस्सा. महिन्याला हजार रुपयांची खरेदी करणाऱ्या ग्राहकामागे आपल्याला तीनशे सुटत होते, आता अडीचशे सुटतील. पुन्हा तीनशेवर यायचे तर त्याच ग्राहकाने बाराशेची खरेदी करायला हवी. म्हणजे वीस टक्के विक्री वाढली तर आपण जिथे होतो तिथेच पोहोचलो.

इथे एक छोटी युक्ती आहे आणि ती मी सगळ्यांना सांगतो. पॉइंट रुपयात वटवू देऊ नका, मालात वटवू द्या. पन्नास रुपयांची सूट दिली तर पूर्ण पन्नास गेले, पण पन्नास रुपयांची बाकरवडी दिली तर आपले पस्तीसच गेले, आणि मग वीसऐवजी साधारण तेरा टक्के वाढीतच बरोबरी होते. शिवाय ग्राहकाच्या हातात पुडा पडतो तो त्याच्या लक्षात राहतो, बिलाच्या तळाशी वजा झालेले पन्नास रुपये घरी पोहोचेपर्यंत विसरले जातात. जीएसटीच्या दृष्टीने सूट बिलावरच दाखवलेली असली तर ती करपात्र किमतीतून वगळली जाते; फुकट दिलेल्या मालाची नोंद कशी करायची, हे मात्र आपल्या सीएला विचारून ठरवा.

या हिशेबात संदेशांचा खर्चही धरावा लागतो आणि तो प्रतिनिधी शेवटी सांगतो, किंवा सांगतच नाही. व्हॉट्सॲपवरील जाहिरातवजा संदेशाला कंपनीच्या कमिशनसह साधारण एक रुपया धरा. आपल्याकडे चार हजार क्रमांक जमले आणि महिन्यातून दोनदा सगळ्यांना ऑफर पाठवली की आठ हजार रुपये झाले. तीन दुकानांसाठी लॉयल्टी कंपनीचे भाडे दरमहा साडेसात हजार असेल, तर संदेशच भाड्यापेक्षा महाग पडले. साडेपंधरा हजारांचा हा एकूण खर्च तीस टक्के नफ्यातून भरून काढायचा तर दरमहा बावन्न हजारांच्या आसपास जादा विक्री व्हायला हवी, आणि तीही पॉइंटचा खर्च बाजूला ठेवून.

हे वाचून आपण योजनाच नको म्हणाल, तर तसेही मी म्हणत नाही. कोणाला द्यायचे हे ठरवले तर योजना नक्की परवडते. रोज संध्याकाळी पाव किलो फरसाण नेणारे काका आपल्याकडे येणारच आहेत. त्यांना पाच टक्के देणे हा मान आहे, त्याने विक्री वाढत नाही. दिवाळीलाच उगवणारा ग्राहक पॉइंटसाठी जूनमध्ये येत नाही. खरा उपयोग मधल्या ग्राहकाचा, म्हणजे दीड-दोन महिन्यांतून एकदा येतो, माल त्याला आवडतो, पण वाटेत आणखी दोन दुकाने लागतात अशाचा. असे लोक आपल्याकडे किती आहेत हे कळायला सॉफ्टवेअरही लागत नाही. एक आठवडाभर गल्ल्यावरच्या माणसाला सांगा की ओळखीचा चेहरा दिसला की बिलाच्या प्रतीवर खूण कर. नेहमीचा असेल तर दोन रेघा, अधूनमधून येणारा असेल तर एक. आठवड्याच्या शेवटी बिले मोजा. एका रेघेची बिले शंभरात दहादेखील नसतील, तर तिन्ही प्रतिनिधींना चहा पाजून परत पाठवा.

आणि इथेच आपल्या पंचवटीच्या दुकानाचा मुद्दा येतो, जो आपल्या प्रश्नात नव्हता. रामकुंडावर आणि काळारामाच्या दर्शनाला आलेला माणूस चिवडा घेतो आणि बसमध्ये बसून परभणीला किंवा सुरतेला जातो. त्याचा क्रमांक टिपून त्याला महिन्यातून दोनदा संदेश पाठवणे म्हणजे रुपये गोदावरीत सोडणे आहे. २०२७ च्या सिंहस्थात तर ही गर्दी कैक पटींनी वाढेल, आणि क्रमांकांवर मोबदला मिळणारी कंपनी 'पाहा, आपले सभासद किती वाढले' असे सांगायला येईल. तीनपैकी दोनच दुकानांत योजना चालवण्याची मुभा कंपनी देत नसेल, तर ती कंपनी आपल्या कामाची नाही. पंचवटीतल्या स्थानिक घरांसाठी काही करायचे असेल तर तिथे कागदी कार्ड पुरेसे आहे.

कागदी कार्डाला कमी लेखू नका. अमेरिकेत नून्स आणि ड्रेझ या दोघा अभ्यासकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर तीनशे कार्डे वाटली गेली. निम्म्या लोकांना आठ शिक्क्यांचे कोरे कार्ड मिळाले आणि निम्म्यांना दहा शिक्क्यांचे, पण दोन शिक्के आधीच मारलेले. काम दोघांनाही सारखेच, आठ वेळा येण्याचे. पहिल्या गटातल्या १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केले, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. योजना कोणतीही घ्या, नाव नोंदवताच खात्यात काही पॉइंट टाकून सुरुवात करा, आणि वटवण्यासाठी लागणारे पॉइंट तेवढेच वाढवून ठेवा. त्याला लागणारा खर्च जवळजवळ शून्य आहे.

आता काउंटरविषयी, कारण मी पाहिलेल्या योजनांपैकी बऱ्याच तिथेच मोडल्या. संध्याकाळी सात वाजता कॉलेज रोडवर दहा माणसे उभी आहेत, मुलगा एका हाताने शेव तोलतो आहे, दुसऱ्या हाताने पिशवीला गाठ मारतो आहे, आणि त्याने प्रत्येकाला 'आपला मोबाइल नंबर सांगता का' असे विचारायचे आहे. चौथ्या ग्राहकापासून तो विचारणे बंद करतो. मग महिन्याच्या शेवटी मालक ओरडतो, म्हणून तो आकडा भरण्यासाठी दहा वेळा नऊ दाबतो. किंवा स्वतःचाच क्रमांक घालतो. एका दुकानात मी अहवाल चाळत होतो, तेव्हा एकाच क्रमांकावर एका दिवसात चौदा बिले दिसली. तो कॅशियरच्या मेव्हण्याचा क्रमांक निघाला आणि त्या खात्यात नऊ हजारांहून अधिक पॉइंट साठले होते. मेव्हण्याला बरेच गोड आवडत असावे. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी दोन अटी लावून घेतो: एका क्रमांकावर दिवसाला दोनपेक्षा जास्त बिलांवर पॉइंट मिळणार नाहीत, आणि पॉइंट वटवताना ग्राहकाच्या फोनवर ओटीपी जाईल. घाऊक आणि कंपन्यांच्या दिवाळी ऑर्डरी योजनेबाहेर ठेवा, नाहीतर चाळीस हजारांच्या बिलावर दोन हजार पॉइंट घेऊन जाणारा शिपाई आणि त्याचा साहेब यांचे भांडण आपल्या दुकानात होईल.

ग्राहकाने क्रमांक दिला नाही तर बिल अडवू नका, हेही मुलांना बजावून ठेवा. क्रमांक देण्याची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना दिलेली आहे. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणजे आपण आज करार केलात तर त्याच्या मुदतीतच त्या येतील. त्या कायद्यात माहिती कशासाठी गोळा करायची हे ठरवणारा म्हणजे दुकानदार हा मुख्य जबाबदार आहे. कंपनी त्याच्या वतीने फक्त काम करते. कंपनीकडून क्रमांक फुटले तरी उत्तर आपल्याला द्यावे लागेल. म्हणून संमती कशी घेतली जाते आणि ग्राहकाने 'माझे नाव काढा' म्हटल्यावर ते किती दिवसांत निघते, हे तिघांनाही विचारा. आपल्या ग्राहकांचे क्रमांक ती कंपनी शेजारच्या मिठाईवाल्याच्या जाहिरातीसाठी वापरणार नाही, हेसुद्धा लेखी घ्या. तिसऱ्या, सामायिक ॲपवाल्या कंपनीचा धंदाच मुळात या वापरावर उभा आहे, हे विसरू नका.

त्या सामायिक ॲपविषयी थोडे अधिक. एका दुकानात पॉइंट मिळवा आणि दुसऱ्यात वापरा, ही कल्पना वाईट नाही. ती मोठ्या, एकमेकांशी स्पर्धा नसलेल्या भागीदारांमध्ये चालते. तरीही अमेरिकन एक्स्प्रेसने २०१५ मध्ये मेसीज, एक्सॉनमोबिल, एटी अँड टी अशा बलाढ्य नावांना घेऊन सुरू केलेली प्लेंटी ही योजना, भागीदार एकेक करून बाहेर पडल्यावर, २०१८ मध्ये गुंडाळावी लागली. नाशिकच्या ॲपमध्ये आपण, एक सलून, दोन कॅफे आणि एक चष्म्याचे दुकान असाल, तर पॉइंट आपल्याकडे मिळतील आणि कॅफेत वटतील. फरसाण दर आठवड्याला लागते, चष्मा तीन वर्षांतून एकदा. अशा जोडीत सतत येणाऱ्या ग्राहकाचा दुकानदार बाकीच्यांना पोसत राहतो, आणि तो दुकानदार आपण असाल. आपल्याला जाहिरातच हवी असेल आणि सहा महिने खरोखर फुकट असतील, तर फुकटातल्या जाहिरातीइतकीच किंमत देऊन ती घ्या, पण आपली ग्राहकांची यादी तिथे सोडू नका.

उरलेल्या दोघांत माझा कल पहिल्या, बिलिंगच्या कंपनीकडे आहे. तिचे पॉइंट बहुधा दुसरीइतके देखणे नसतील आणि वाढदिवसाचे रंगीत संदेशही नसतील. परंतु बिल करतानाच काम होते, मुलाला दुसरा पडदा उघडावा लागत नाही, आणि कोणी काय घेतले हे वस्तूनिहाय आपोआप नोंदले जाते. पुढे याच नोंदींतून ४५ दिवसांत न फिरकलेले, पण पूर्वी नियमित येणारे ग्राहक शोधता येतात. मला विचाराल तर पॉइंटपेक्षा ही यादी अधिक मोलाची आहे, कारण चार हजारांऐवजी त्या दोनशे जणांनाच संदेश पाठवता येतो आणि त्याला दोनशेच रुपये लागतात. दुसरी कंपनी घ्यायची वेळ तेव्हा येते, जेव्हा आपले बिलिंग जुने किंवा तिन्ही दुकानांत वेगवेगळे आहे आणि ते बदलण्याची आपली इच्छा नाही. मात्र अशा वेळी ती आपल्या बिलिंगशी आपोआप जोडली जाते की हाताने बिलाची रक्कम टाकावी लागते, हे प्रात्यक्षिकाच्या हॉलमध्ये न पाहता आपल्या काउंटरवर संध्याकाळी सात वाजता पाहा.

पॉइंटची मुदत आणि वटवण्याचे नियम पहिल्याच दिवशी छापून लावा. चार हजार जणांच्या खात्यांत सरासरी साठ पॉइंट साठले, तर आपल्यावर दोन लाख चाळीस हजारांचे देणे उभे राहिले, मग वहीत ते दिसो वा न दिसो. हे देणे वसूल करायला लोक नेमके वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत येतात, म्हणजे रांग रस्त्यापर्यंत गेलेली असते आणि माल पूर्ण भावाने विकला जाणारच असतो त्याच दिवसांत. त्या आठवड्यात पॉइंट मिळतील पण वटणार नाहीत, असा नियम आधीच असेल तर कोणी रागावत नाही. ऐन धनत्रयोदशीला फलक लावला तर वर्षभराची कमाई त्या एका फलकावर जाते.

राहिला आपल्या हातात काय राहील हा प्रश्न. कोल्हापूरच्या एका बेकरीसाठी मी स्वतः निवडून दिलेली कंपनी दोन वर्षांनी बंद झाली. माहिती परत मागितली तेव्हा एक एक्सेल फाइल आली, तिच्यात नाव आणि क्रमांक असे दोनच रकाने होते. कोणाचे किती पॉइंट शिल्लक, कोण शेवटचे कधी आले, काहीच नव्हते. बेकरीवाल्यांनी नाइलाजाने 'ग्राहक सांगेल ते पॉइंट खरे' असे धोरण महिनाभर ठेवले, आणि लोक बहुतांशी खरे बोलले, हे त्या लोकांचे मोठेपण. निवड माझी चुकली होती. म्हणून आता करारावर सही करण्याआधीच, चाचणीच्या दहा-बारा नकली ग्राहकांची माहिती घालून, मी कंपनीला ती फाइल काढून द्यायला सांगतो. क्रमांक, संमतीची तारीख, प्रत्येक बिलाची तारीख आणि रक्कम, मिळालेले, वटलेले आणि शिल्लक पॉइंट एवढे रकाने मालकाला स्वतःच्या लॉगिनमधून, कोणाला फोन न करता काढता यायला हवेत. आपण कॉलेज रोडच्या एकाच दुकानात दोन महिन्यांची चाचणी घ्या, आणि दर सोमवारी सकाळी ती फाइल उतरवून आपल्या संगणकात ठेवण्याचे काम आत्तापासूनच कोणाकडे तरी सोपवा.